न झालेल्या गोष्टीचं व्हाउचर

सरकारी पैशाबद्दल आपल्याकडे प्रत्येकाचं एक ठाम मत असतं : तो नेहमी दुसऱ्याच कुणावर तरी खर्च होतो. शेतकऱ्याला वाटतं शहरवाल्यावर होतो, शहरवाल्याला वाटतं शेतकऱ्यावर होतो, आणि बँकेत नोकरी करणाऱ्याला वाटतं की दोघांच्या कर्जमाफीवर होतो. ज्यांच्याकडून आयुष्यात एक रुपया आयकर वसूल करणं कुठल्याही सरकारला जमलेलं नाही, असे गृहस्थसुद्धा रस्त्यातला खड्डा चुकवताना "आमच्या टॅक्सचा पैसा आहे हा!" असं मोठ्या मालकीहक्कानं बोलतात. त्यांचं अगदीच खोटं असतं असंही नाही. साधी काडेपेटी घेतली तरी तिच्यात कर असतो. म्हणजे मालक आपण सगळेच; फक्त भागधारकांची सभा पाच वर्षांतून एकदा, आणि तिथे चहाबिस्किटंही नाहीत.

या मालकांना एरवी हिशेब आठवत नाही. कुठे धरण रखडतं, कुठे पूल दोन टोकांनी निघून मधे भेटायचं विसरतो. कुणी चकार शब्द काढत नाही. पण श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडालं की प्रत्येकाच्या अंगात ऑडिटर संचारतो. याचं कारण सोपं आहे. बाकीचा सरकारी पैसा जातो तो दिसत नाही. रॉकेटचा पैसा धूर काढत, आवाज करत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर जातो.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. निवृत्त हेडमास्तर. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा सगळ्या बिल्डिंगीत सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या अण्णांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घेताना मात्र ते मला म्हणाले, "सहाशे पंधरा कोटी! आणि आपल्या जिन्यातला दिवा तीन महिने बंद. तुम्ही बँकेतले. सांगा बरं, हे हिशेबात बसतं का?"

जिन्यातला दिवा सोसायटीचा असतो, इस्रोचा नव्हे, हे अण्णांना ठाऊक आहे. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. पण त्यांचा मूळ प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या देशात माणसं अर्धपोटी झोपतात त्या देशानं आकाशात पैसा घालावा का? मी कॉमर्सचा पदवीधर. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर दोन्ही पक्षांच्या संमतीनं संपला. पण नोंद जमेला टाकायची की नावे, हे विचारलं तर गेली बावीस वर्षं पगार त्याचाच घेतो आहे.

आधी आकडे. ६१५ कोटींना १४० कोटी माणसांनी भागलं तर डोई सुमारे ४ रुपये ४० पैसे येतात. एवढ्यात कटिंग चहा मिळत नाही. फार तर चहावाल्याचं तिरकं उत्तर मिळतं. बरं, सगळा अंतराळ विभाग धरू. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्याला सुमारे १३,००० कोटी रुपये होते. म्हणजे वर्षाला डोई ९३ रुपये. सरकारच्या एकूण खर्चातल्या दर शंभर रुपयांतले सुमारे २७ पैसे. मंगळयानाच्या वेळी, २०१४ साली, हा प्रवास किलोमीटरला सात रुपयांत, म्हणजे रिक्षापेक्षा स्वस्त झाला असा हिशेब खुद्द पंतप्रधानांनी मांडला होता. हिशेब बरोबरच असणार. पण आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला मंगळाला येणार नाही. परतीचं भाडं मिळत नाही म्हणून तो स्टेशनपलीकडेसुद्धा येत नाही.

आता इथे बहुतेक लोक हिशेब मिटवतात. एवढीशी तर रक्कम! पण हा युक्तिवाद मला काउंटरवर कुणी केला तर मी चालू देणार नाही. कॅश दहा रुपयांनी कमी भरली तर आम्ही रात्री आठपर्यंत बसून ती शोधतो. रक्कम लहान आहे म्हणून खर्च रास्त ठरत नाही. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याच्याकडून घेतलेला एक रुपयासुद्धा कशासाठी घेतला, हे सांगता यायला हवं.

दुसरा एक हिशेब अवकाशप्रेमी मंडळी मांडतात. तो जोडधंद्यांचा. चिकटत नाही तो टेफलॉनचा तवा, बुटाला बंदाऐवजी असते ती चर्र वाजणारी व्हेल्क्रोची पट्टी, पाण्यात कालवायची संत्र्याची टँग पूड, ही सगळी म्हणे चांद्रमोहिमेची देणगी. या जमेच्या नोंदी मी तपासल्या. तिन्ही खोट्या. टेफलॉन १९३८ सालचं, अमेरिकेतल्या एका रसायन कंपनीत अपघातानं सापडलेलं. व्हेल्क्रो सुचलं एका स्विस इंजिनिअरला, कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बिया बघून. ती संत्र्याची पूड १९५० च्या दशकातली. अंतराळवीर तिचं फक्त गिऱ्हाईक. शिवाय नुसता तवाच हवा असेल तर चंद्रावर जायची गरज काय? चांगला तवा आमच्या सौ.ला मंडईत मिळतो, तोही घासाघीस करून.

मग खरा हिशेब कुठला? हा प्रश्न अण्णांच्या आधी एका जोगिणीनं विचारून ठेवला आहे. १९७० साली आफ्रिकेतल्या झांबियात काम करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा यांनी नासातले एक शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टुलिंगर यांना पत्र लिहिलं, की जगात मुलं भुकेनं मरत असताना मंगळावर जाण्यासाठी अब्जावधी डॉलर मागायला तुमचं मन कसं धजतं? श्टुलिंगरांनी लांबलचक आणि अतिशय सभ्य उत्तर धाडलं. त्यात एका जर्मन उमरावाची गोष्ट आहे. उमराव दिलदार, गोरगरिबांना भरपूर देणारा. त्याच्या गावात एक विक्षिप्त माणूस काचेची भिंगं घासत बसे. उमरावानं त्याला वाड्यात आसरा दिला. गावात रोगराई, लोक चिडले, म्हणाले, आम्ही मरतोय आणि हा खेळण्यांवर पैसा घालतोय. उमरावानं गरिबांचं देणं थांबवलं नाही, आणि भिंगवाल्यालाही सोडलं नाही. पुढे त्या खटपटीतून सूक्ष्मदर्शक यंत्र आलं, आणि रोगराई हटवायला तेच कामी आलं.

गोष्ट छान आहे. पण बँकवाल्याला एक शंका येतेच. उमराव स्वतःच्या खिशातून खर्च करत होता. सरकार माझ्या खिशातून करतं, अण्णांच्या करतं, आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्याही करतं. दुसऱ्याच्या पैशानं दिलदार व्हायला काहीच लागत नाही. तेव्हा मावशींचे ९३ रुपये मावशींना काय मिळवून देतात, ते सांगितलं पाहिजे.

हाच पैसा बँकेकडून का नाही घेतला, असंही कुणी विचारील. कल्पना करा, १९६३ साली विक्रम साराभाई आमच्यासारख्या एखाद्या शाखेत कर्जाचा अर्ज घेऊन आले आहेत. घरचे अहमदाबादचे गिरणीमालक, त्यामुळे मॅनेजरनं चहा नक्की मागवला असता. पुढे?

"कर्जाचा उद्देश?"

"आकाशात अग्निबाण सोडायचे आहेत."

"जागा?"

"केरळच्या किनाऱ्यावर थुंबा म्हणून कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये कारखाना, आणि बिशपसाहेबांच्या घरात कचेरी."

"वाहन?"

"सायकल."

"उत्पन्न केव्हा सुरू होईल?"

"वीसेक वर्षांनी."

"आणि हप्ते कोण भरणार?"

"तो अजून जन्माला यायचा आहे."

मॅनेजरनं चहाचे पैसेसुद्धा मागितले असते. यातला संवाद माझा. पण चर्च, बिशपांचं घर आणि सायकल शंभर टक्के खरी. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, तोही अमेरिकेकडून मिळालेला. त्या सुरुवातीच्या वर्षांत अग्निबाणांचे भाग सायकलवरून नेत. पुढे १९८१ साली ॲपल नावाचा उपग्रह चाचणीसाठी चक्क बैलगाडीवर चढवला होता. काटकसर म्हणून नव्हे; धातूचा अडथळा नसलेली गाडी हवी होती, आणि तशी लाकडी गाडी आपल्याकडे पाच हजार वर्षं तयारच होती. १० ऑगस्ट १९७९ ला आपलं पहिलं उपग्रहवाहक रॉकेट, एसएलव्ही-३, थेट बंगालच्या उपसागरात गेलं. बँकेच्या भाषेत खातं बुडीत. वसुलीची नोटीस निघाली असती. सरकारनं पुन्हा पैसे दिले, आणि १८ जुलै १९८० ला त्याच जातीच्या रॉकेटनं रोहिणी उपग्रह वर नेऊन ठेवला.

इथे मॅनेजरला हसून चालणार नाही. ठेवीदारांचा पैसा असा लावायचा नसतो. नियम बरोबरच आहे. ज्या कामाचं फळ वीस वर्षांनी, भलत्याच माणसाला, तेही फुकट मिळणार, त्याला कर्ज देणारी बँक जगात निघालेली नाही. अशा कामाला एकच सावकार उरतो, तो म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली तिजोरी. गणपतीच्या वर्गणीसारखं आहे हे. वर्गणी दिली नाही म्हणून कुणाला आरतीतून उठवत नाहीत. वादळाची सूचना तर त्याहून सार्वजनिक. ती वर्गणी भरलेल्या होडीपुरती देता येत नाही.

वादळावरून आठवलं. मी काही वर्षं सिंधुदुर्गात, समुद्रकाठच्या एका शाखेत होतो. शाखेच्या छपरावर एक मोठी पांढरी छत्री होती, उलटी ठेवल्यासारखी. जमिनीखालची तार पहिल्या पावसातच राम म्हणायची. मग आमचा कारभार त्या छत्रीवर. समोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या आजींच्या पाचशे रुपयांची विचारणा ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे जायची, तिथून मुंबईच्या संगणकाकडे, आणि त्याच वाटेनं होकार परत यायचा. आजी एवढंच म्हणायच्या, "किती वेळ लावतास रे!" भर पावसात छत्रीलाही सर्दी व्हायची, हे कबूल. पण एरवी त्या गावातला निराधार पेन्शनचा पैसा आकाशमार्गे येत असे, आणि ते कुणाला माहीतही नव्हतं.

त्या शाखेत मासेमार खातेदार पुष्कळ. बोटीचं कर्ज, इंजिनाचं कर्ज, जाळ्याचं कर्ज. माणूस तेवढा बिनकर्जाचा. मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याची पत्रकं त्यांना हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून येत. समुद्राचं तापमान आणि पाण्यातल्या वनस्पतींचा हिरवेपणा उपग्रह वरून पाहतो, आणि त्यावरून मासळीचा अंदाज बांधतात. अंदाज दर वेळी खरा ठरत नाही. एकजण मला म्हणाला होता, "आमका कळवतत, पण माशांका कळवूक विसारतत."

२०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, अरबी समुद्रात 'क्यार' नावाचं वादळ उठलं. कोकण किनाऱ्याला इशारा गेला. समुद्रात असलेल्यांना परत बोलावलं, बाकीच्यांना जाऊ दिलं नाही. बंदरांत बोटींची ही गर्दी झाली. आणि ते वादळ, भयंकर रूप धरून, किनाऱ्याला न येता समुद्रातल्या समुद्रात पश्चिमेला निघून गेलं. नंतर एक खातेदार हप्ता चुकल्याचं कारण सांगायला माझ्यासमोर येऊन बसला. रागावलेला होता. "साहेबानू, वादळ गेला अरबांकडे, आणि माझे आठ दिस बुडले!"

मी मान डोलावली. नियमात बसेल तेवढी मुदत वाढवून देण्यासाठी त्याचा अर्ज लिहून घेतला. पण त्याचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. आठ दिवस बुडाले. बरोबर. तो बुडाला नाही. आठ दिवसांचं नुकसान त्याच्या वहीत नावे बाजूला स्वच्छ लिहिलेलं होतं. जमेला काय लिहायचं? "जिवंत"? असं सदर वहीत नसतं. आणि तो गेला असता तर नक्की बुडालाच असता, असंही कुणी लिहून देऊ शकत नाही.

अवकाशाच्या हिशेबाची खरी गोम मला इथे दिसते. झालेल्या गोष्टीचं व्हाउचर निघतं. न झालेल्या गोष्टीचं निघत नाही. रॉकेटचं बिल येतं, त्यावर सही होते, ते वर्तमानपत्रात छापून येतं. न बुडालेल्या बोटीचं बिल कोण पाठवणार? न झालेल्या विधवेकडून पोच कशी घ्यायची?

मग नुसतं असं म्हणायचं का, की विश्वास ठेवा? नाही. एक एक नोंद पडताळता येत नसली तरी दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवता येतात. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आलं. सुमारे १०,००० माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच राज्यात गोपाळपूरजवळ फायलीन आलं. तेही भीषण. पण वादळाची वाट आधीच चार दिवस नीट कळत होती. जवळजवळ दहा लाख लोकांना हलवलं गेलं. मृत्यू पन्नासच्या आत.

आता हे सगळं श्रेय उपग्रहाच्या खात्यात भरून टाकणं मात्र खोटी नोंद होईल. उपग्रह आपल्याकडे १९९९ सालीही होताच. मधल्या काळात रडार आली, किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, मोबाइल आले, आणि रात्री-बेरात्री घरोघर जाऊन "उठा, निघा" म्हणणारी माणसं तयार झाली. हे जॉइंट अकाउंट आहे. एकट्याच्या सहीनं पैसे निघत नाहीत. वरच्या डोळ्याला खालचे पाय लागतात. पण खालच्या पायांनी कुठे आणि केव्हा पळायचं हे आधी कळलं, ते वरच्या डोळ्यामुळे.

हे सगळं मी एकदा घरी बोलत होतो. मावशी भांडी घासत ऐकत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "चंद्रावर पानी गावलं म्हनं भाऊ. आमच्या नळाला कवा गावंल, तेवढं इचारून सांगा."

अण्णांचा प्रश्न आणि मावशींचा प्रश्न वरून सारखे दिसतात, पण मावशींच्या प्रश्नापुढे बोलती बंद होते. चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून चंद्रावर पाण्याचे अंश असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. मावशींच्या वस्तीतला नळ त्याच्या आधीपासून एक दिवसाआड येतो. मी सांगू शकलो असतो, की १९८८ पासून आपले दूरसंवेदन उपग्रह जमीन पाहत आहेत, त्यांच्या चित्रांवरून जमिनीखाली पाणी कुठे लागेल याचे नकाशे बनले आहेत, आणि विहीर कुठे खणावी हे ठरवायला ते वापरतात. सगळं खरं. पण मावशींच्या वस्तीला पाणी कुठे आहे हे माहीत नाही, अशी अडचणच नाही. पाणी रस्त्यापलीकडच्या टाकीत आहे. मधे एक पाइप टाकायचा आहे. तो टाकणारी फाइल कुठल्या टेबलावर आहे, हे दाखवणारा उपग्रह अजून कुणी सोडलेला नाही.

म्हणून मला वाटतं, मावशींनी तो प्रश्न विचारलाच पाहिजे. फक्त तो शंभर रुपयांतल्या २७ पैशांना विचारून थांबू नये. उरलेल्या ९९ रुपये ७३ पैशांनाही, तेवढ्याच मोठ्या आवाजात विचारावा. उद्या रॉकेटं बंद केली तर पाइप आपोआप पडेल असं नाही. उलट पाइपही नाही आणि वादळाची खबरही नाही, अशी दुहेरी बचत मात्र होईल.

राहता राहिला चंद्र. वादळ, मासळी, बँकेची छत्री हे समजलं. पण चंद्राचा उपयोग काय? खरं सांगायचं तर मासेमाराला रोजचा काही नाही. एवढं म्हणता येईल की चंद्रावर नेमकं उतरायला शिकलेले हातच उद्या हवामानाचा उपग्रह अचूक जागी ठेवतात. पण त्यापेक्षा मला आठवतं ते त्या ऑगस्टच्या संध्याकाळचं दृश्य. चहावाला गॅस बंद करून टीव्हीच्या दुकानासमोर उभा होता आणि मावशी आमच्याकडे थांबल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. पैसे कमी आहेत म्हणून सणाला पुरणपोळी करायची नाही असं गरिबाच्या घरातही कुणी म्हणत नाही. वरती काय आहे हे जाणून घेण्याची हौस फक्त श्रीमंतांनीच करावी, असा नियम कुणी केला असेल तर तो मला मान्य नाही. मात्र पुरणपोळी सणालाच. रोजच्या भाकरीचं पीठ विकून नव्हे. ते प्रमाण सांभाळलं जातं की नाही, हे विचारण्याचा हक्क मालकांनी सोडू नये.

अण्णांना अजून उत्तर द्यायचं आहे. ते ९३ रुपये कुठल्या सदरात लिहायचे? नुसता खर्च म्हणवत नाही. गुंतवणूक म्हणावं तर परतावा आपल्याच खात्यात जमा व्हायला हवा. इथे तो कुणा न बघितलेल्या होडीत जमा होतो. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात याला शब्द नाही. पण जुन्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत धर्मादाय म्हणून एक सदर असे, आणि त्यात उन्हाळ्यात पाणपोईचा खर्च पडे. पाणपोई घालणारा तहानलेल्याचं नाव विचारत नाही, पावती घेत नाही, आणि उन्हात चक्कर येऊन न पडलेल्यांची मोजदादही ठेवत नाही. थुंब्याच्या कोळ्यांनी आपलं चर्च दिलं तेव्हा त्यांनी तरी काय लिहून घेतलं होतं?

तिथेच लिहावेत म्हणतो ते ९३ रुपये. रांजणात पाणी आहे की नाही, हे मात्र रोज उठून बघायला हवं.